पाऊल कोणाचे?

शाळामास्तराच्या धंद्यात एक निवाडा रोज करावा लागतो. समोरच्या मुलाला उत्तर येत नाही, की तो देत नाही? दोन्ही वेळी मूल सारखेच गप्प उभे असते, डोळे सारखेच फळ्याच्या खालच्या कडेला लागलेले असतात. आणि तरी एकाला आपण पुन्हा समजावून सांगतो, दुसऱ्यावर ओरडतो. वीस वर्षे मी हा निवाडा करीत आलो आहे. माझे स्वतःचे शिक्षण बेताचेच. परंतु ह्या एका विषयात आपला अभ्यास पुरा झाला आहे अशी माझी समजूत होती. ती समजूत माझ्या वडिलांनी मोडली. आणि तीही एक शब्द न बोलता, नुसते दारात उभे राहून.

आबांना कंपवात होऊन आता नऊ वर्षे झाली. डॉक्टर ज्याला पार्किन्सन म्हणतात तोच हा. आरंभी उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला, वैद्य गोळी वळतो तसा. आम्ही हसलो. म्हणालो, जन्मभर हातात टाळ धरला, आता बोटांना रिकामे बसवत नाही! मग अक्षर बारीक होत गेले. पत्राची पहिली ओळ वाचता येई, शेवटची मुंगीच्या रांगेसारखी दिसे. आवाज खाली गेला. चेहऱ्यावरचे हसू मावळले, आणि गावातली माणसे म्हणू लागली की आबा अलीकडे फार गंभीर झाले. शेवटी आजार पायांत उतरला.

नेमके त्याच सुमारास मी नवे घर बांधले. आमचे जुने घर गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीकाठच्या एका खेड्यात. दगडी पायऱ्या, आत शहाबादी फरशी, आणि दोन फरशांच्या मध्ये बोटभर रुंदीच्या सिमेंटच्या रेघा. माझी शाळा परभणीत. म्हणून कर्ज काढून शहराच्या कडेला दोन खोल्या आणि एक माजघर उभे केले, आणि हौसेने आत पांढऱ्या, गुळगुळीत, आरशासारख्या टाइल्स घातल्या. गावाकडून जो येई तो वाकून त्यांत आपला चेहरा पाही. मला त्या फरशीचा अभिमान होता हे येथे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत त्या फरशीचा हात आहे.

नव्या घरात आबा दारात थांबू लागले. खाटेपासून दारापर्यंत येत, आणि उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला डकवल्यासारखे होत. टाचा थरथरत, अंग पुढे झुके, पाऊल मात्र उचलत नसे. कधी पाव मिनिट, कधी दोन मिनिटे. मागून कोणी हलकेच लोटले तर तोल जाऊन पडत. एके संध्याकाळी घरात पाहुणे होते. माझी मुलगी मागे पाण्याचे तांब्याभांडे घेऊन खोळंबली होती, पुढे चार लोक पाहत होते, आणि आबा मधल्या दारात उभे. त्याच सकाळी मी त्यांना गच्चीवर जाताना पाहिले होते. सोळा पायऱ्या, एकामागून एक, न अडखळता. ते माझ्या डोक्यात होते. मी सर्वांसमक्ष म्हणालो, "आबा, सोळा पायऱ्या चढता येतात आणि एक उंबरा ओलांडता येत नाही? कशाला सोंग करता?"

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चेहऱ्याची हालचाल आजाराने आधीच नेली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो निर्विकार चेहराही मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून धरला.

पुढे नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी जवळजवळ फिर्याद घेऊनच गेलो होतो. डॉक्टरांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, "जिना चढतात ना?" मी विजयी मुद्रेने म्हणालो, "चढतात!" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग बरोबर आहे. ह्या आजारात असेच असते."

त्यांनी सांगितले ते माझ्या शब्दांत असे. आपण चालतो, पण चालणे आपण करीत नाही. पहिले पाऊल टाकायचे एवढे आपण ठरवतो; पुढची हजार पावले मेंदूतले एक जुने खाते आपल्या नकळत टाकत असते, आणि आपण त्या वेळी भाजीचा भाव किंवा मुलीचे लग्न यांचा विचार करीत असतो. मेंदूच्या मध्यभागी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्या पेशींतून डोपामीन नावाचे द्रव्य ह्या खात्याला पोचते. कंपवातात त्या पेशी झिजून मरतात आणि खाते बसते. परंतु डोळ्यांपुढे ठळक खूण असली, ह्या कडेवर पाय ठेव, मग त्या कडेवर ठेव असे काही दिसत असले, तर मेंदू दुसऱ्या वाटेने पायाला निरोप धाडू शकतो. ती वाट शाबूत असते. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी खूण आहे. माझी आरशासारखी फरशी ही खुणांवाचूनची जमीन होती.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टराने १८१७ साली सहा रोग्यांवरून ह्या आजाराचे वर्णन लिहिले. त्यांतले काही रोगी तर त्याने नुसते रस्त्यावरून जाताना पाहिले होते. आपल्या आयुर्वेदाला कंपवात परिचित आहेच. एक गंमत सांगण्याजोगी आहे. शाळेत असताना आम्ही ज्या खाजकुइलीची कुसे एकमेकांच्या सदऱ्यात टाकत असू, तिच्याच बियांतून १९३७ साली दोन भारतीय संशोधकांनी लेव्होडोपा वेगळे काढले. आणि आज आबा दिवसातून चार वेळा घड्याळ लावून ज्या गोळ्या घेतात त्यांत हेच द्रव्य असते. (म्हणून कोणी कुंपणावरच्या शेंगा खाऊ नयेत. गोळीत मात्रा मोजलेली असते, शेंगेत नसते.) गोळीचा अंमल असतो तोवर पाय बरे चालतात, तो ओसरला की दार आडवे येते.

नांदेडहून परतताना बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत होतो. माफीचे शब्द जुळत नव्हते. पूर्णा मागे पडल्यावर आबाच म्हणाले, "तुझं काय चुकलं रे? मला बी तसंच वाटायचं. वाटायचं, मीच सोंग करायलो की काय."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. येत नाही की करत नाही, हा निवाडा बाहेरून कठीण आहे एवढेच मी समजत होतो. तो आतूनही करता येत नाही, ज्याचे पाय त्यालाही कळत नाही, हे मला त्या बसमध्ये कळले. आबांनी चालायचे ठरवलेले असे. इच्छा पुरी होती, पायांत बळ होते. मधला निरोप्या तेवढा नव्हता. आणि असा रिकामा सांधा सापडला की माणूस पहिली शंका स्वतःच्या सचोटीवर घेतो. घरची माणसे तर घेतातच.

त्यानंतर मी मिळेल ते वाचू लागलो. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील डॉक्टरांनी २०१० साली एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. वय ५८, आजार दहा वर्षांचा; गृहस्थ चार पावले टाकताच अडके, पण सायकलवर बसवला की रस्त्याने नीट चालवत जाई आणि वळूनही येई. उतरला की पुन्हा खिळलेला! दुसरी हकीकत घरचीच म्हणावी अशी. मूळची पुण्याची मिलेहा सोनेजी ही मुलगी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठात वस्तूंची रचना शिकली. तिच्या काकांना हाच आजार. ते सपाट जमिनीवर अडकत आणि जिना मात्र सहज उतरत, हे पाहून ती थक्क झाली. मी थक्क झालो नाही, मी संतापलो. दोघांनी पाहिले तेच. तिने काकांच्या घरातल्या सपाट जमिनीवर जिन्याचा भास होईल असे चित्र अंथरले, आणि काका त्या खोट्या पायऱ्यांवरून चालू लागले. २०१५ साली तिने हे एका व्याख्यानात सांगितले, ते पुष्कळांनी पाहिले आहे.

मला चित्र कोठले येते? मी शाळेतला खडू आणला आणि माझ्या त्या लाडक्या फरशीवर हातहात अंतराने आडव्या रेघा ओढल्या. पहिल्याच दिवशी आबा खाटेपासून दारापर्यंत, दारातून माजघरात आणि माजघरातून ओसरीपर्यंत गेले. आई पदर तोंडाला लावून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोलकरणीने फरशी पुसून काढली. मग रोज शाळेला जाण्यापूर्वी रेघा ओढणे हे माझे काम झाले. रविवारी ते मुलगी करी आणि रेघांच्या टोकाला फुले काढी.

आता यंत्राकडे येतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला कारखान्यात आहे. वर्गात असताना त्याला मी कितीदा तरी "करत नाही" ह्या सदरात टाकले होते. तो भेटायला आला, खडूच्या रेघा पाहिल्या, आणि पुढच्या खेपेला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी घेऊन आला. ती कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. कळ दाबली की पुढे जमिनीवर एक तांबडी आडवी रेघ पडते. आपण पुढे गेलो की रेघही पुढे. अशी साधने परदेशात काठीला, चालण्याच्या चौकटीला, बुटालाही लावतात. तिकडच्या बुटांची युक्ती मोठी सुरेख आहे. एका पायावर भार आला की त्या बुटातून दुसऱ्या पायापुढे रेघ पडते, भार दुसऱ्यावर गेला की पहिल्यापुढे. नेदरलँड्समध्ये १९ रोग्यांवर हे बूट पाहिले, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे पाय अडकण्याच्या खेपा जवळजवळ निम्म्यावर आल्या. अमेरिकेत हार्वर्ड आणि बॉस्टन येथील मंडळींनी त्याच्याही पुढे जाऊन कमरेला आणि मांड्यांना नेसायचे एक मऊ वस्त्र केले आहे. त्यातल्या बारीक दोऱ्या चालण्याची लय ओळखून नेमक्या क्षणी मांडीला पुढे हलकासा ओढ देतात. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी एका ७३ वर्षांच्या गृहस्थाचा अनुभव प्रसिद्ध केला. दिवसातून दहाहून अधिक वेळा अडकणारा तो मनुष्य ते वस्त्र नेसून घरात जवळजवळ न अडकता चालला, आणि चालता चालता गप्पाही मारू लागला. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण गप्पा मारू लागला, हे वाचून मला बरे वाटले.

आमच्या डबीत एक खोट निघाली. परभणीच्या उन्हात तांबडी रेघ दिसेना. घरात ठीक, अंगणात नाहीशी! तेव्हा विद्यार्थ्याने बाहेरच्यासाठी कानात घालायचा ठेका दिला: टक्, टक्, टक्, चालण्याच्या लयीत. डोळ्याप्रमाणे कानाच्या खुणेनेही पाय उचलतो, हे आता पुष्कळ प्रयोगांनी दिसून आले आहे. पुण्यात ऋषिकेश पवार हे नर्तक कंपवाताच्या रोग्यांना नृत्य शिकवतात, तेही लयीच्याच भरवशावर.

अडचण निघाली ती आबांकडून. दोन दिवस पट्टा बांधून ते घरभर हिंडले आणि तिसऱ्या दिवशी काढून खुंटीला टांगला. मला वाटले, टोचत असेल. ते म्हणाले, "टोचत नाही. पण चालतं कोण, ते कळत नाही. डबी चालती का मी चालतो?" त्यांच्या बरोबरीचा एक शेजारी ओसरीवर बसलेला होता. तो म्हणाला, "खरं आहे. आता तुमचं चालणं म्हणजे बैलाला दोरी." बोलण्याचा सूर चेष्टेचा होता, पण मला तो प्रश्न चेष्टेचा वाटला नाही.

ह्यावर लोक चटकन चष्म्याचा दाखला देतात. चष्मा लावून वाचले तर वाचले कोणी? आपणच ना? मीही तोच दिला. पण रात्री विचार करताना तो मलाच अपुरा वाटला. चष्मा डोळ्यापुढे बसतो. काठी हाताखाली येते. ही रेघ मात्र इच्छा आणि पाय यांच्या मधोमध येऊन उभी राहते, जेथे आजवर दुसरे कोणी कधी आले नव्हते. मी ठरवतो आणि माझा पाय उचलतो, ह्या दोहोंच्या मधल्या जागेलाच तर आपण "मी" म्हणत आलो. तेथे परके कोणी शिरले की माणसाला संकोच वाटणारच. चष्मेवाल्याने त्या संकोचाला हसू नये.

पण मग मी दुसऱ्या बाजूने पाहिले. निरोगी माणसाचे पाऊल तरी कोणाचे असते? माझ्या हजार पावलांपैकी किती मी टाकली? ती त्या नकळत चालणाऱ्या खात्याने टाकली, आणि मी त्याची मजुरी स्वतःच्या नावावर लावीत आलो, कारण ते कधी मधे बोलले नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतले एक, करण म्हणजे साधन हे दुसरे. पाचांपैकी एकानेच सगळ्या कामावर आपले नाव घालावे, हे तेथेच नाकारले आहे. आणि आमच्या गंगाखेडला हे सांगण्यासाठी गीताही लागत नाही. गंगाखेड जनाबाईचे गाव. तिच्या जात्याच्या खुंट्याला देवाने हात लावला असे तेथले प्रत्येक पोर सांगेल. पण पीठ जनीचे नव्हे असे आजवर कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. बहुधा उलटेच आहे: दुसरा हात लागला म्हणूनच ते दळण जनीचे म्हणून लक्षात राहिले.

हे सारे मी आबांना सांगितले नाही. बापाला व्याख्यान देण्याची माझी पत त्या संध्याकाळीच संपली होती. मी एवढेच विचारले, "आबा, दिंडीत चालायचात तेव्हा कोण चालायचं?"

शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणीवरून, गंगाखेडवरून जाते. आबा तिच्याबरोबर कितीदा चालले याची मोजदाद नाही. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. ह्या आजारात उत्तरही उशिरा येते, आणि मधेच दुसरा प्रश्न विचारू नये हे मी आता शिकलो आहे. मग म्हणाले, "तिथं कुठं मी चालत होतो? टाळ चालायचे. पाय मागून जायचे." आणि थोड्या वेळाने, "पण ते टाळ मी वाजवत होतो ना."

ह्या शेवटच्या वाक्यात त्यांचा सगळा आक्षेप होता, आणि मी तो आधी ऐकला नव्हता. त्यांना मदत नको नव्हती. जी मदत त्यांनी स्वतः चालू केली नाही ती नको होती. डबीची कळ रोज मी दाबत होतो, पट्टा मी बांधत होतो, "चला" मी म्हणत होतो. विद्यार्थ्याला सांगून कळ मोठी करून घेतली, थरथरत्या अंगठ्याला सापडेल अशी. कानातल्या टक्‌टक्‌च्या जागी त्यांच्याच जुन्या टाळाचा ठेका मोबाइलवर टिपून घातला. वाजवला त्यांनीच, मोठ्या कष्टाने, चार वेळा चुकून. आता पट्टा कधी बांधतात, कधी खुंटीवर राहू देतात. मी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मला माझ्याविरुद्ध सांगितली पाहिजे. त्याच विद्यार्थ्याने मनगटाला बांधायचे एक घड्याळही आणले होते. ते पावले मोजते आणि आकडा माझ्या मोबाइलवर धाडते. मधल्या सुट्टीत मी तो पाहू लागलो. एकदा संध्याकाळी घरी येताच म्हणालो, "आज दुपारनंतर चालला नाहीत वाटतं?" आबांनी माझ्याकडे पाहिले, मग मनगटाकडे पाहिले. "हजेरी घेतोस का रे, मास्तर?" घड्याळ निघाले आणि ज्ञानेश्वरीच्या शेजारी फडताळात जाऊन बसले.

डॉक्टरांचे म्हणणे वेगळे, आणि तेही खोटे नव्हे. दवाखान्यात डॉक्टरांपुढे पुष्कळ रोगी छान चालून दाखवतात. घरी काय होते ते कळले नाही तर गोळीची वेळ कशी बसवायची? नोंद हवी. प्रश्न ती कोणाच्या हातात असावी एवढाच आहे. रेघ पुढे पडते आणि पाय मागून जातो. घड्याळ मागून येते आणि चुगली पुढे जाते. दोन्ही अंगावर बांधण्याचीच यंत्रे, दोन्ही एकाच दुकानात मिळतील, आणि तरी त्यांत केवढे अंतर आहे! आम्ही तोड काढली ती अशी: नांदेडला जाण्याच्या आधीचा आठवडा घड्याळ बांधायचे, आणि आकडे पहिल्यांदा आबांनी पाहायचे. जो आकडा त्यांना दाखवावासा वाटणार नाही तो त्यांनी झाकावा, असेही मी म्हणालो. अजून त्यांनी एकही झाकलेला नाही.

"सोंग" ह्या शब्दाची माफी मी आजवर मागितलेली नाही. शाळेत मात्र एवढे झाले आहे की गप्प उभ्या राहिलेल्या मुलाच्या वाटेत मी एखादी रेघ ओढून पाहतो. अर्धे उत्तर फळ्यावर लिहितो आणि थांबतो. कधी पाऊल पडते, कधी नाही.

गेल्या दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मुलीने रांगोळीने ओसरीपासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले काढली. तांदळाच्या पिठीसारखी पांढरी, एकापुढे एक, सरळ ओळीत. पूजेची वेळ झाली आणि आबा मधल्या दारात थांबले. गोळीचा अंमल उतरत आला होता, पट्टा खुंटीला होता. आम्ही सगळे देवघराशी, ते तिकडे, आणि मधे ती पावलांची ओळ, खडूच्या रेघांपेक्षा कितीतरी ठळक. माझ्या मनात आले की ह्यांच्यावरून यायला सांगावे. लक्ष्मीच्या पावलांवर पाय ठेवा, असे बापाला कोणत्या तोंडाने सांगावे, हेही मनात आले. आई माझ्याकडे पाहत होती. कोणीच बोलले नाही.

आबा खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "लक्ष्मीची ढांग लई आखूड हाये बाई. माझ्या कामाची नाही." मुलगी हसली, माझ्या खिशातला खडू तिने काढून घेतला, आणि त्या पावलांच्या शेजारून, त्यांना न लागता, दुसरी ओळ आखायला बसली. आबा दारात उभे राहून तिला रेघांतले अंतर सांगत होते.